शिंपल्यांना लागलेली ऊब

शैलेंद्र अंडंसुद्धा खात नाही, आणि नोकरी काय, तर दिवसभर शिंपल्यांचा लगदा करायची! मूळचा पुण्याचा, आता कॅनडातल्या ब्रॉसार्डचा. पाण्यात विष मिसळलं की शिंपला स्वतःला वाचवणारी रसायनं अंगात भराभर वाढवतो. लॅबमध्ये ती मोजायची आणि पाणी किती बिघडलंय ते सांगायचं. तीन वर्षं कंत्राटावरच. बायको यामिनी विचारून थकली, "परमनंट कधी?"

जानेवारीत तो सहा तास गाडी चालवून ल्यूकच्या खाडीतले शिंपले घेऊन आला. ल्यूकचं पोट शिंपल्यांच्या शेतीवर, आणि पाणी कसं नितळ! पण आकडे आले ते बंदरातल्या गटाराला लाजवणारे. बॉसबाई हरखल्या. "स्वच्छ खाडीत छुपं प्रदूषण! मोठी ग्रँट मिळणार, आणि तू परमनंट!" सोमवारी रिपोर्ट गेला की ल्यूकच्या शेतीवर बंदी येणार होती.

रविवारी स्वारी खुशीत. पोळ्या लाटणाऱ्या यामिनीला कौतुकाने सांगत होता, "उणे बावीस होतं गं! बिचारे कुडकुडतील म्हणून डबा पुढच्या सीटवर घेतला, बर्फ काढून टाकला आणि हीटर फुल्ल!"

यामिनीचं लाटणं थांबलं. "अरे, ते थंड पाण्यातले ना? सहा तास उकडलंस त्यांना?"

शैलेंद्र खुर्चीतून ताडकन उठला. उकाड्यानेही तीच रसायनं वाढतात, हे नव्या पोरांना शिकवणारा हाच शहाणा! खाडी बिचारी निर्दोष होती. भोवली होती ती याची भूतदया.

"गप्प बसलो तर परमनंट," तो पुटपुटला.

"आणि तो ल्यूक?" यामिनीने विचारलं.

सोमवारी सकाळी त्याने बॉसबाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. बंदी टळली, पुन्हा नमुने आणायचं ठरलं. या खेपेला शिंपले बर्फात, हीटर बंद आणि शैलेंद्र सहा तास दात वाजवतोय. आकडे अगदी स्वच्छ आले. पण स्वच्छ खाडीला ग्रँट कोण देतो? शैलेंद्र कंत्राटीचा कंत्राटीच राहिला.

शुक्रवारी दारात ल्यूकची पेटी आली. पाच किलो जिवंत शिंपले, वर चिठ्ठी: 'मेर्सी, मित्रा, माझी शेती वाचवल्याबद्दल आभार. घरच्यांबरोबर मजेत खा.'

"आता यांचं करायचं काय?" यामिनीने कपाळावर हात मारला.

शैलेंद्रने जाड जॅकेट अंगात चढवलं. "ते बघू नंतर," तो म्हणाला. "आधी घरातलं हीटिंग बंद कर."