नदीतला रस्ता

शिरूरच्या सायबर कॅफेत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक माणूस रोज दुपारी गावोगावचे रस्ते काढत बसायचा. कुणीही भर घालावी, कुणीही पुसावं, असा इंटरनेटवरचा तो नकाशा. माऊस हलवण्याआधी तो डोळे मिटून एक बोट टेबलावर सावकाश ओढायचा, जणू त्या वाटेनं निघालाय. मीही हौसेनं त्याच नकाशात दुरुस्त्या करायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही.

श्रावणात त्यानं काढलेल्या एका रस्त्यावर भरवसा ठेवून मी मोटारसायकल काढली. इनामगावच्या पुढं रस्ता थेट घोड नदीत उतरला. समोर नुसतं पाणी!

दुसऱ्या दिवशी मी त्याला चांगलंच झापलं. तो चिडला नाही. टेबलावर बोट ओढत म्हणाला, "रस्ता बरोबर हाय, सर. तुमची जायची येळ चुकली. चैतात जाऊन बघा."

वर्षातले चारच महिने असणारी वाट नकाशात ठेवायची की नाही, हे मला काही उमगेना. म्हणून मी ती पुसून टाकली. तो माणूस त्यानंतर कॅफेत दिसला नाही. पुसल्यामुळं, की दुसऱ्याच कशामुळं, कोण जाणे.

चैत्रात मी मुद्दाम नदीवर गेलो. काठावर एक जीपवाला आमचाच नकाशा छापून घेऊन उभा होता. कोरड्या पात्रातून उसाचा ट्रॅक्टर धुरळा उडवत आमच्याकडं येत होता.

"नकाशात तर हितं वाटच न्हाई," जीपवाला मला म्हणाला. "मग ह्यो आला कुठनं?"