आस्माचा उजवा हात

गेल्या शनिवारी आम्ही तिघी दौलताबाद रोडवरच्या एका ढाब्यावर जेवायला गेलो. मी, वैशाली आणि आस्मा... कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. आस्मा शाळेत चित्रकला शिकवते. (नाव बदललंय, बाकी सगळं तिला विचारूनच लिहितेय.)

बसायला बाजा, आणि उजेड म्हणाल तर झाडाला टांगलेला एकच पिवळा बल्ब. मला असा अंधार आवडतो. फ्लॅश न मारता, कुणाला न सांगता फोटो काढायचे... वैशालीच्या लक्षात आलंच. म्हणाली, "काढ बाई, आमच्या सुरकुत्यांना अंधारच बरा."

नाइट मोडला फोटो घ्यायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात कुणी हललं की चेहरा पुसला जातो. म्हणून मी वाट बघते. गप्पा कितीही रंगल्या तरी माणसं मधूनच स्थिर होतात... ऐकताना, काही आठवताना. ते हेरायचं.

घरी येऊन फोटो उघडले. आस्माचा चेहरा इतका स्पष्ट, की पापण्या मोजाव्यात. पण तिचा उजवा हात... नव्हताच. बाही नीट दिसत होती, बाहीच्या पुढं नुसता धूर.

वाटलं, हलवला असेल. पुढचा फोटो पाहिला. वैशाली बोलतेय, आस्मा मन लावून ऐकतेय, बाजेची वीणसुद्धा दिसतेय... आणि आस्माच्या मांडीवर पुन्हा तोच धूर. सगळ्या फोटोंत तसंच. उठून हॉलमधला लाइट लावला.

भीती घालवायला मी त्यातला एक फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आस्माचा हात भुतानं नेला.' वैशालीनं हसणाऱ्या स्मायलींची रांग लावली. आस्मानं मेसेज पाहिल्याचं दिसलं.

सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "तुलाबी दिसलं ना? मला वाटत होतं, माझाच वहम आहे."

दिवाळीच्या सुट्टीपासून हात नुसता ठेवला तरी आपोआप थरथरतो, असं तिनं सांगितलं. घरी कुणाला बोलली नव्हती. शाळेत फळ्यावर चित्र काढायची वेळ आली की पोरांना पुढं करायची. आदल्या रात्रीचं सगळं जेवण मी तिच्या शेजारी बसून जेवले होते... मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

परवा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कोरा कागद दिला, आतून बाहेर जाणारे गोल वळसे काढायला सांगितले. आस्मानं पेन धरलं. वळसे बाहेर यायलाच तयार नव्हते. एकमेकांना चिकटून आतल्या आत दाटत गेले. तिनं कागद फिरवून पाहिला, जसा मुलांचा बघत असेल तसा... आणि परत दिला.

तपासण्या चालू आहेत. वेळेवर आलात, औषधांनी फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी पण काढ फोटो. असल्याच अंधारात. मला बघायचंय, हात परत येतो का."

मी हो म्हटलं आणि तिचा उजवा हात हातात घेतला. थरथरत होता, पण उबदार होता... एवढं तूर्त पुरे आहे मला.