बाबांच्या तक्त्यात नसलेली गोष्ट

“ये वही चार्ट वाली है. इसके पापा बोलते हैं, ये नहीं बोलती.”

लखनौच्या निशातगंज भागातल्या दवाखान्यात काउंटरवरची दीदी नर्सला हळू आवाजात सांगत होती. मी समोरच बसले होते. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा आणि बाबांच्या मांडीवर फाइल. दीदी चुकीचं काही बोलली नव्हती, म्हणून मी फोनमध्ये बघत राहिले.

बाबा आंब्याच्या रोगांवर संशोधन करतात. मलिहाबादच्या बागांमधल्या एकेका झाडाच्या नोंदी ते वर्षानुवर्षं ठेवतात. मी आजारी पडल्यावर त्यांनी माझाही तसाच तक्ता केला. वजन, केस गळणं, थकवा, पाळीच्या तारखा. एका पानात सगळं. डॉक्टर त्याचं कौतुक करायचे आणि मला काही विचारायचे नाहीत. मला ते बरं वाटायचं. त्या तक्त्याच्या मागे लपता यायचं.

सुरुवात थंडीत झाली. लखनौच्या धुक्यात सगळेच गारठतात, त्यामुळे मी दोन स्वेटर घालून बसते याचं कुणाला काही वाटलं नाही. सकाळी उठवत नसे. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. पाळी आधी लांबली, मग थांबली. आई म्हणायची, “ऑफिसातून येऊन नुसतं लोळलं की असंच होणार.” मलाही तेच खरं वाटायचं.

गायनॅकनी तक्ता वाचला, सोनोग्राफी केली आणि पीसीओडी असावा असं सांगितलं. म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडून बीजकोशाचं काम अनियमित होणं. पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. तक्त्यात शेवटून दुसरी ओळ होती, ‘थायरॉइड: नॉर्मल’. ती वाचून त्यांनी पेनाने बरोबरची खूण केली आणि पुढे गेल्या.

पण एक गोष्ट त्या तक्त्यात नव्हती. ती फक्त मला माहीत होती.

फेब्रुवारीत एकदा आंघोळीनंतर कुर्त्यावर दोन ओले डाग दिसले. मला वाटलं, केसांचं पाणी असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी दार लावून पाहिलं. ते दूध होतं.

माझं लग्न झालेलं नाही. मी कुणाच्या जवळही कधी गेलेले नाही. तरी पाळी नाही आणि दूध येतंय, हे मनात एकत्र आलं की मेंदू चालेनासा व्हायचा. वाटायचं, माझ्या शरीरात मला न विचारता दुसरीच कुणीतरी बाई राहायला आली आहे. तिला बाळ झालंय आणि ती ते शोधते आहे. रिकाम्या खोलीत बसले तरी एकटी आहे असं वाटायचं नाही.

मी चिकनकारीच्या भरतकामाचे पांढरे कुर्ते घालणं बंद केलं. एप्रिलच्या उन्हातही गडद रंग आणि आत दोन थर. एक दिवस जुन्या शहरातल्या चौक भागात गेले, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही, आणि मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणलं. शक्यच नव्हतं, हे माहीत होतं. तरी केली. निगेटिव्ह आली. ते किट वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात खाली दाबलं.

सकाळी पाहिलं तर तो कागद उलगडलेला होता.

त्या दिवसापासून आई मला मेट्रो स्टेशनवर घ्यायला यायला लागली. फोन वाजला की मान वर करायची. “कोण गं?” एवढंच. मी म्हणायचे, “ऑफिस का है.” आमच्या घरी आईबाबा मराठीत बोलतात आणि मी हिंदीत उत्तर देते. ती सवय त्या दिवसांत मला सोयीची पडली. खोटं बोलत नव्हते, पण खरंही नीट बोलत नव्हते.

पुढे रक्तात प्रोलॅक्टिन जास्त निघालं. हे दूध तयार करायला सांगणारं हार्मोन. गायनॅक म्हणाल्या, मेंदूचा एमआरआय लागू शकतो, कधी कधी तिथल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ असते. आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांना, दाखवून घ्या. म्हणून त्या दिवशी आम्ही तिथे बसलो होतो.

नव्या डॉक्टर मॅडमनी तक्ता सावकाश वाचला. पेन त्या ओळीवर थांबलं.

“थायरॉइड कब का है ये? इसमें तारीख नहीं है.”

बाबा फाइल चाळत राहिले. रिपोर्ट सापडला तो तीन वर्षांपूर्वीचा, मी कॉलेजात असतानाचा. बाबांनी तो निकाल तसाच पुढे आणला होता. झाडाच्या पानावरचा ठिपकासुद्धा तारखेशिवाय न लिहिणारा माणूस. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मॅडमनी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. माझा गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं. मग माझ्याकडे न बघता फाइलवर लिहीत विचारलं, “कपड़ों पर दाग आते हैं?”

मी मान हलवली.

“कब से?”

मी तीन बोटं दाखवली. तीन महिने.

“मम्मी को पता है?” मी बंद दाराकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “रिपोर्ट मैं समझा दूँगी. ये बात आप बताइएगा.”

दोन दिवसांनी रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, खूप वाढलेलं आलं. मॅडमनी समजावलं ते असं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की मेंदू तिला कामाला लावण्यासाठी जोरात संदेश पाठवतो. त्या संदेशामुळे टीएसएच वाढतं, आणि त्याच संदेशामुळे प्रोलॅक्टिनही वाढू शकतं. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी थांबते, कधी दूधही येतं. या आजाराला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. एमआरआयची घाई नको, आधी थायरॉइडची गोळी सुरू करू.

रिक्षात बाबा तीनदा म्हणाले, “तारीख घातली नव्हती मी.”

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहा नाही. सहा आठवड्यांनी तपासणी झाली, दोन्ही आकडे उतरत होते. आवाज परत आला. डाग कमी झाले, मग थांबले. पाळी आली त्या दिवशी आईने माझ्या टेबलावर पॅडचं पाकीट ठेवलं.

हे वाचणाऱ्या कुणाच्या बाबतीत असं होत असेल, तर एवढंच सांगते. पाळीची तक्रार असेल तर थायरॉइडची नवी तपासणी करून घ्या, जुनी चालवू नका. आणि जे सांगायची लाज वाटते, ते डॉक्टरांना आधी सांगा. निदान मान तरी हलवा. त्या मॅडमनी मला बोलायला लावलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मला वाटलं होतं, शरीर बरं झालं की ती परकी बाई निघून जाईल. ती माझ्यातून गेली, पण आईच्या नजरेत राहिली. स्टेशनवर आई अजूनही यायची.

जूनच्या शेवटच्या रविवारी आई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. फोनवर अकोल्याची मावशी एका स्थळाबद्दल विचारत होती. आई म्हणाली, “थांब जरा. आधी तिच्या मनात काय आहे ते कळू दे. आजकालच्या मुली आईला काय सांगतात?”

तिने फोन ठेवला. मी तिच्या समोर जमिनीवर बसले. हिंदीत वाक्य जुळवायला लागले, पण जुळेना. आई सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“आई, मी कधीच कुणाबरोबर नव्हते. मला दूध येत होतं, आणि मी खूप घाबरले होते.”