पांढऱ्या दाढीवरचा हक्क

आमच्या काकांचा धंदा नाटकाच्या टोपांचा. काळ्या केसांचा रंग उतरवून ते ऋषींच्या पांढऱ्या दाढ्या करीत. दवाखान्यातलं पेरॉक्साइड नुसतं लावलं तर केस तांबूस होऊन अडतात. त्यात एखादा खार, म्हणजे अल्कली, मिसळला की पांढरे होतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने याच मिश्रणाचं पेटंट काढलं आणि त्याचा वकील रत्नागिरीला आमच्या पडवीत येऊन बसला.

"तुम्हाला परवानगी देतो," तो काकांना म्हणाला. "बाकीच्यांनी थांबवायचं. तुम्ही फक्त लिहून द्या, ही युक्ती आमच्या शेठजींचीच."

माझ्या खिशात तेव्हा कायम चळवळीचं एखादं पत्रक असे. मी उसळून बोलणार, तोच काका म्हणाले, "दाभोळवाल्याच्या दाढ्या काळ्या राहिल्या तर मला काय सुख, वकीलसाहेब? नाही देणार लिहून."

दाभोळवाला म्हणजे तिथला टोपवाला; त्याच्याशी काकांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं! टोपवाले एकमेकांना कृती सांगत नाहीत. हेदवीचा कारागीर तर काका दिसले की भांड्यावर फडकं टाकी.

त्या फडक्यानेच मला वाट दाखवली. "काका, दाभोळवाला नि हेदवीवाला, या तिघांना वेगवेगळं विचारा," मी वकिलाला म्हटलं. "न सांगता-शिकवता तिघांनाही तेच सुचलं, तर त्यात शोध कसला?"

वकील हसला, पण कबूल झाला. धंद्यावर गदा आलेली, म्हणून दोघेही निरोप मिळताच आले. एकेकाला मागच्या अंगणात नेऊन वकिलाने तांबूस केसांची बट दाखवली. "पेरॉक्साइडने एवढंच झालं. पुढे काय कराल?"

"नवसागर नि चुना. दुसरं काय?" दाभोळवाला म्हणाला.

हेदवीवाला चिडलाच. "केळीच्या राखेचं पाणी घाला की! हे विचारायला मला एवढ्या लांब आणलंत?"

काका म्हणाले, "धुण्याचा सोडा."

"तीन वेगळ्या वस्तू," वकील म्हणाला.

"तिन्ही खारच," मी म्हटलं. "आणि तुमच्या पेटंटात लिहिलंय, कोणताही खार."

वकिलाने बट खाली ठेवली. सहीचा कागद कोराच घेऊन तो गेला आणि व्यापाऱ्याने पुन्हा कुणाला अडवलं नाही. मी पुष्कळ पत्रकं लिहिली, पण त्या संध्याकाळइतकी ताठ मान माझी कधीच झाली नव्हती. आणि ती माझ्या युक्तीने नव्हे, काकांच्या नकाराने.

निघताना हेदवीवाला काकांच्या भांड्यात डोकावला. काकांनी चटकन फडकं ओढलं.