जांभळीचं खोड आणि माझी सही

मला दुसरीपर्यंतची शाळा. पण सही मी करतो, अंगठा लावत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं ते त्या सहीपायी झालं, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आमच्या गावाच्या रस्त्यावर एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागतो. त्याच्यावरचा पूल एका बाजूनं खचला आणि बस बंद झाली. मग कंपनी आली. पुलाच्या पायाखालची माती मऊ आहे, ती आधी घट्ट करायची असं ठरलं. जमिनीत खोल भोक पाडायचं, तळापर्यंत रॉड घालायचा आणि रॉडच्या टोकाच्या बारीक छिद्रातनं सिमेंटचं पाणी इतक्या जोरानं मारायचं की ते भोवतालची माती कापत सुटतं. रॉड फिरवत फिरवत सावकाश वर ओढायचा. माती आणि सिमेंट जागच्या जागी कालवलं जातं, वाळून जमिनीच्या पोटात जाड खांब होतो. असे खांब एकाला एक चिकटवून ओळीनं करायचे. उरलेला चिखल भोकातनं वर येतो. कंपनीचे साहेब त्याला रिटर्न म्हणायचे, मी ओकारी म्हणायचो.

ती ओकारी बघायला मला ठेवलं. उभा जन्म मी विहिरी खणल्या. चिखल बोटांत घेतला की तो किती खोलावरचा ते मला कळतं. लाल आला तर वरचा मुरूम, काळा आला तर जुना गाळ. ओकारी थांबली तर मशीनवाल्याला हात करायचा, नाहीतर आत दाब कोंडून जमीन फुगते.

मशीनवाला खानापूरकडचा, मला मामा म्हणायचा. साहेब धारवाडकडचे, माझ्या नातवाच्या वयाचे, मला अज्जा म्हणायचे. रोज संध्याकाळी ते इंग्रजीत एक कागद भरायचे, आज कुठला खांब झाला आणि ओकारी कशी आली. खाली माझी सही. बाकीचे गडी हजेरीला अंगठा बुडवायचे, मी पेन मागून घ्यायचो.

सातव्या खांबाला रॉड अर्ध्यावर आला आणि ओकारी बारीक झाली. तिच्यात काळपट ढलप्या यायला लागल्या. एक उचलून दाताखाली धरली. जांभूळ. विहिरीच्या तळाला आम्ही जांभळीच्या लाकडाची चौकट घालतो, ते पाण्यात कुजत नाही. असं लाकूड मी किती तासलं असेल. आणि मग आठवलंच. मी तरणा असताना व्हाळ जरा अलीकडनं वाहायचा, काठाला जांभळीचं थोरलं झाड होतं. एका पुरात ते आडवं झालं, वर गाळ बसला, व्हाळ पलीकडं सरकला.

मी हात केला. मशीन थांबलं, साहेब आले.

"साहेब, खाली जांभळीचं खोड हाय. तुमचं पाणी माती कापंल, खोड न्हाई. खोडामागची माती तशीच कोरी ऱ्हाणार."

"अज्जा, चार ठिकाणी भोकं पाडून बघितलंय. लाकूड कुठंच नाही."

"तुमच्या दोन भोकांमधनं म्हस जाईल. खोड तर त्यांच्या मधी आडवं निजलंय."

मशीनवाला हसला. साहेबांना ते झोंबलं.

"पूल आम्ही बांधायचा का तुम्ही?"

"तुम्हीच बांधा. त्याच्यावरनं जाणार आम्ही हाय."

मशीन पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी मी चार ढलप्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "हे लिवा." "लिहितो," म्हणाले. लिहिलं काहीतरी. मी पेन मागितला आणि ऐटीत सही केली. वाचून घेतलं नाही. सगळे गडी बघत असताना वाचून दाखवा म्हणायला माझी जीभ वळली नाही. ती चूक माझी, ती मी दुसऱ्यावर ढकलत नाही.

खांब पक्के झाल्यावर एका बाजूची माती काढली, तर सातव्या खांबापाशी फट. तिच्यातनं पाणी गाळ घेऊन वाहत होतं. बेळगावहून मोठे साहेब आले. त्यांनी तो कागद माझ्यापुढं धरला.

"रिटर्न व्यवस्थित, अडथळा नाही, असं लिहिलंय. सही कुणाची?"

"माझी."

मी धाकट्या साहेबांकडं बघितलं. ते काठीनं बुटाचा चिखल काढत होते.

"वयानं नजर मंदावते, अज्जा. होतं असं," मोठे साहेब गोड आवाजात म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"नजर धड हाय. मला दिसलं ते तुमच्या माणसानं लिवलं न्हाई. फटीत फावडं घाला, कळंल."

घातलं. हातभर माती ओढली आणि खोड उघडं पडलं, काळंभोर, दगडासारखं. आता तरी माझ्याशी कुणी धड बोलेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या सहीसाठी नवा कागद आला. या खेपेला मी मशीनवाल्याला म्हणालो, वाच. त्यानं वाचलं, "कंपनीच्या तपासणीत लाकूड सापडलं. देखरेखीच्या मजुरानं ते कळवलं नव्हतं." दुसरं वाक्य वाचताना त्यानं मान वर केली नाही.

मी कागद तिथंच ठेवून घरी आलो. बायको म्हणाली, "सही येती म्हणून गावभर सांगत फिरलासा, आता करा की. बस तरी चालू हुईल."

"बशीपायीच तर वरडत हुतो त्या दिवशी," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी जीप आली. खोडाच्या मागं दोन खांब जास्तीचे घालायचे होते, आणि रॉड लाकडाला लागला का मातीत आहे, हे ओकारीवरनं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. मी गेलो, पण सांगून गेलो: कागद मराठीत, मशीनवाल्याच्या हातचा, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. दोन्ही खांबांना ओकारी भरून आली, एक ढलपी नाही. कागद वाचला गेला, मी सही केली. मग म्हणालो, आता तो 'मजुरानं कळवलं नव्हतं' म्हणणारा कागद दुरुस्त करा.

"तो तुमच्या सहीविनाच वर गेला, अज्जा," धाकटे साहेब म्हणाले. "आता बदलत नाही."

"खोटं तेवढं वर जातं व्हय?"

ते जीपमध्ये जाऊन बसले.

बस आता पुलावरनं जाते. तिच्यातनंच मी कंपनीच्या रामनगरच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा अर्ज दिला. टेबलावरचा माणूस दरवेळी तेच विचारतो, "पूल तर चांगला झालाय, मग तुमची तक्रार काय?"

पूल चांगलाच आहे. खोड मी कळवलं होतं, एवढी एक ओळ लिहून द्या म्हणतो. त्या माणसाला ही तक्रार वाटत नाही. चौथा अर्ज लिहून तयार आहे.