खांदा, टाच आणि न दिसणारे पेशंट

गोळ्या लिहून दिल्या की बाकीचे डॉक्टर मोकळे. आमच्या फिजिओथेरपीत तसं नाही. व्यायाम करून घ्यायचा म्हणजे पेशंटच्या शेजारी बसायचं, आणि शेजारी बसलं की माणूस बोलतो. नव्वदच्या दशकात हुबळीला कमरीपेठेत मी क्लिनिक उघडलं, तेव्हापासून किस्से साठतच गेले. बरेचसे हसून सांगण्यासारखे. हे त्यातले नाहीत!

*

दत्तूअण्णा शिंपी. कात्री चालवून चालवून कोपराची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दुखावलेली. हाताला स्टिम्युलेटरची, म्हणजे विजेचे हलके झटके देणाऱ्या मशीनची, पॅड लावली, बोटं उघडमीट करायला लागली. तेवढ्यात करंट गेला. पंखा थांबला, मशीनचा दिवा विझला.

“अक्का, साकु! बास! बंद करा!” अण्णा ओरडले.

बोटं चालूच! मी पॅड उपटून काढली, तरी बोटं हवेत सरळ रेषेत काहीतरी कापत पुढं निघालेली. करंट आला, तेव्हाच थांबली.

अण्णा घामाघूम. हळूच म्हणाले, “कुणाचं कापड होतं हो ते?”

*

गोकुळ रोडच्या एका कारखान्यातले बसप्पा टर्नर. डावा पंजा पूर्वीच प्रेस मशीनमध्ये सापडून गेलेला. सगळं काम उजव्यावर, म्हणून उजवा कोपर दुखायचा. दुखऱ्या कंडरेला नुसती विश्रांती देऊन भागत नाही, हळूहळू वजन पेलायला शिकवावं लागतं. पाण्याची बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडायचं, असा व्यायाम दिला.

उजव्याचा झाल्यावर ते डावं, तोकडं मनगटही हलवायला लागले.

“हे कशाला?”

“तोपण दुखतोय की!”

गेलेला हात दुखतो, हे आमच्या पुस्तकात आहे. पण दुसरी अर्धी भरलेली बाटली टेबलावर होती. बसप्पांचं मनगट खाली गेलं की तिच्यातलं पाणी एका बाजूला कलायचं, वर आलं की सरळ!

“बघा,” बसप्पा खूश होऊन म्हणाले, “जोर आहे अजून!”

*

कोपऱ्यातल्या पलंगाचं एवढंच सांगते. पलंग रिकामा असायचा, तरी नवीन पेशंटला तिथं झोपा म्हटलं की अवघडून उभा राहायचा. “त्यांचं होऊ दे की आधी.” एकमेकांना न ओळखणारी माणसं, पण बोलणं हेच! शेवटी मी पलंगच काढून टाकला. तर एक आजोबा उठले आणि आपली खुर्ची त्या रिकाम्या कोपऱ्याकडं सरकवून म्हणाले, “बसा की तुम्ही. किती वेळ उभे राहणार?”

*

एका शाळामास्तरांची टाच दुखायची. घराच्या लाकडी जिन्यावर उभं राहून टाचा उचलायच्या आणि अगदी सावकाश पायरीखाली उतरवायच्या, असं शिकवलं. बरे झाले, बदली होऊन गेलेसुद्धा.

मग त्यांचे घरमालक आले. “तो व्यायाम बंद करायला सांगा. जिना करकरतोय.”

“अहो, सर तर कधीच गेले.”

“ते ठाऊक आहे हो! सर कसं सावकाश उतरवायचे. हा दाणकन् आपटतो. तुम्ही एकदा येऊन शिकवून जा त्याला.”

मी गेले नाही.

*

आणि वत्सलाक्का. सत्तरीच्या घरातल्या, धारवाडहून बसनं यायच्या. उजवा खांदा इतका आखडलेला, की हात कानापर्यंतसुद्धा जाईना. मी उचलून पाहिला तर कळवळल्या. पण केस! पांढऱ्याशुभ्र केसांची पाच पेडांची वेणी, त्यात अबोलीचा गजरा.

“वेणी कोण घालतं?”

“शैला. लेक माझी. सकाळी आरशासमोर बसले की येते.”

मला बरं वाटलं. घरात माणूस असलं की व्यायाम होतो. भिंतीवर बोटं चढवत नेणं, काठीनं हात उचलणं, सगळं शिकवलं. “शैलाला आणा एकदा,” म्हटलं. नुसत्या हसल्या.

काही महिन्यांनी हात डोक्यावर गेला, मग मानेमागं. मी टाळ्या वाजवल्या! त्यांचे केस मात्र कसेबसे गुंडाळलेले, गजरा नाही.

त्या दिवशी सोबत शेजारीण होती. तिला बाहेर विचारलं, “शैला हल्ली नसते का घरी?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “डॉक्टर, शैला शाळेत असतानाच तापानं गेली. अक्का एकट्याच राहतात.”

मी आत आले. वत्सलाक्का तो बरा झालेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळे भरलेले.

“हात चालायला लागला, तशी ती येईनाशी झाली,” म्हणाल्या. “आता तुझं तुला जमतंय म्हणते. डॉक्टर, हा पुन्हा दुखेल असं काही करता येईल का हो?”

“असं कसं करीन मी, अक्का?”

नंतर त्या आल्याच नाहीत.

पुढच्या श्रावणात धारवाडच्या बाजारात दिसल्या. उजवा हात पदराखाली, अंगाशी घट्ट धरलेला.

“खांदा परत दुखतोय?” मी घाबरून विचारलं.

“खूप!” म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. “चलते हं. तिनं पाणी तापवून ठेवलंय, आज केस धुवायचेत.”