मागच्या सीटवर निजणारे मेस्त्री

गाडीच्या स्प्रिंगांचं काम संपलं की आमचे मेस्त्री स्टिअरिंगला हात लावत नसत. गाडीवाल्याला चालवायला बसवायचे आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून आडवे व्हायचे. "बसलेल्या माणसाक धक्को समाजना नाय," म्हणायचे, "निजलेल्याक समाजता."

साठ सालाच्या आसपास मालवणात गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे हा सोहळा बघायला बाजार गोळा व्हायचा. एकदा त्यांचा खरंच डोळा लागला आणि टॅक्सीवाल्यानं मुद्दाम त्यांना कणकवलीपर्यंत नेलं. दुपारी एसटीनं परत आले आणि एवढंच बोलले, "म्हणजे काम बरां झालां."

त्यांची शेड आमच्या शाळेला लागून. मी तिथला मास्तर, आणि मास्तर म्हटला की सगळ्यातलं थोडं थोडं कळतं असा त्याचा समज असतोच.

माझ्या बायकोची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात पुन्हा तीच लक्षणं दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, बेळगावला न्या, पण आडवं झोपवून आणि धक्का न लागू देता. मिळत होती ती एकच टॅक्सी. दहा माणसं कोंबली की ती गुमान चालायची. रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला उडायची.

मेस्त्रींना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "स्प्रिंगाचे ते जादा पाटे मियांच घातलंय." बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा टॅक्सीच्या पोटाला घासायचा, म्हणून मालकानं ती उंच करून घेतली होती.

"उंच केल्यामुळे कडक झाली, तर आता खाली आणा," मी म्हणालो.

"उंची येगळी, कडकपण येगळां, मास्तरांनू. पाटो वाढवलो तर दोनय वाढतत."

तरी घाईत त्यांनी माझंच ऐकलं. जादा पाटे काढले, मागं आडवे झाले. गाडी मऊ झाली खरी, पण पहिल्याच उंचवट्याला तिचं पोट असं आपटलं की मेस्त्री डोकं चोळत उतरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मेस्त्रींनी होडीच्या कामातून उरलेलं ऐनाचं टणक लाकूड आणलं. त्याचे दोन ठोकळे तासून चाकांच्या आसावर, स्प्रिंगच्या खाली बसवले. पाटे होते तेवढेच राहिले आणि गाडी मात्र चार बोटं वर आली. पुन्हा निजले. उतरून एक ठोकळा थोडा तासला, पुन्हा निजले. तिसऱ्या खेपेला उठले ते पोटुशी बाई ठेवते तसा पोटावर हात ठेवूनच. "आता बायेक घेवन येवा," म्हणाले.

आंबोलीचा घाट मागं पडल्यावर बायकोनं मला विचारलं, "घाट खंय इलो?" मी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. तिला घेऊन तीन महिन्यांनी परत आलो आणि घरी न जाता आधी शेडवर गेलो. शेडला कुलूप होतं. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, "ताप इलो, चार दिसांत गेले. महिनो झालो."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, ज्याला आभार म्हणायचं आपलं राहून गेलं. बायको पुढं झाली. देवळात टेकवतात तसं तिनं मुलीचं डोकं शेडच्या उंबरठ्याला टेकवलं. कपाळाला तेलाचा काळा डाग लागला. मी रुमाल काढला, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली.